कोइमतूरची खुर्ची

"तक्रार असेल तर इकडे कोइमतूरला येऊन केस करा," एवढं बोलून कंपनीच्या माणसानं फोन ठेवला. सुलभाताई खोतांनी तेही तारीख घालून वहीत लिहिलं. जिन्यावरून वर-खाली नेणाऱ्या खुर्चीसाठी चाळीस हजार आगाऊ भरून दहा महिने झाले, तरी ती आली नव्हती. गुडघे गेल्यापासून त्या वरच्या मजल्यावरून खाली उतरल्याच नव्हत्या.

त्यांचे यजमान खोतमास्तर चौकशी करून आले. कोइमतूरला जायची गरज नव्हती. तक्रार आपल्याच जिल्ह्यात, वकिलाशिवायही करता येत होती. त्यांनी सांगलीच्या ग्राहक आयोगात अर्ज दिला.

सुनावणीत कंपनीचा वकील म्हणाला, "ऑर्डर यांनी स्वतःच फोनवर रद्द केली. वहीत काय, कुणीही काहीही लिहील." मास्तर हिरमुसून घरी आले.

"फोन मी केलेत. मीच येऊन सांगते," ताई म्हणाल्या.

पुढच्या तारखेला त्या एकेका पायरीवर बसत बावीस पायऱ्या उतरल्या. आयोगापुढे त्यांनी वही वाचून दाखवली आणि वकिलाकडे वळल्या.

"मला आज जिना उतरायला पाऊण तास लागला. मी कशाला खुर्ची नको म्हणेन?"

वकील खाली बसला.

निकालानंतर दोन महिन्यांनी पैसे व्याजासकट परत आले. मास्तर लगेच दुसऱ्या कंपनीचं पत्रक घेऊन आले. ताईंनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"मागवा," त्या म्हणाल्या. "पैसे मात्र मी तिच्यावर बसून एकदा खाली जाऊन आल्यावरच द्यायचे."