चालकाचं नाव

“गाडी कोण चालवत होतं, ते कोर्टात कुणालाही सांगायचं नाही,” हिल्डा म्हणाली. “मलासुद्धा सांगू नकोस.”

“नाही सांगत,” सिरिल म्हणाला.

“शपथ?”

“शपथ.”

बायको गेल्यापासून सिरिल थोरल्या बहिणीकडे राहत होता. हिल्डाने आयुष्यभर कीथली गावच्या शाळेत गणित शिकवलं होतं. पन्नाशीचे बाप्ये अजूनही बाजारात तिला पाहून सिगारेट पाठीमागे लपवत.

भानगड साधी होती. गावाबाहेरच्या गार्डन सेंटरमध्ये, म्हणजे रोपं-कुंड्यांच्या मोठ्या दुकानात, दोन तास गाडी लावायची मुभा होती. सिरिलची गाडी तिथे अख्खी दुपार उभी राहिली. पार्किंग सांभाळणाऱ्या खासगी कंपनीने दंड मागितला. सिरिल तो गुपचूप भरून मोकळा होणार होता. पण तेवढ्यात कंपनीने दावा लावला आणि कोर्टाचं पाकीट हिल्डाच्या हातात पडलं.

“भरून टाकतोस? गाढवा, यांची पहिली नोटीस चौदा दिवसांत यायला हवी होती. ती आली महिन्याने. आता गाडीच्या मालकाला धरता येत नाही. चालवणारा कोण, ते त्यांनी सिद्ध करायचं. आणि फोटोत काय आहे? नंबरप्लेट!”

“जाऊ दे ना, हिल्डा.”

“का जाऊ दे? घाबरतोस?”

सिरिल खरंच घाबरत होता. पैसे गेले असते तर त्याला चाललं असतं. चारचौघांत चालवणाऱ्याचं नाव निघू नये, एवढंच त्याला हवं होतं. पण हिल्डाने चष्मा लावला, कायदा पुढ्यात घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तेज आलं. ते पाहून त्याला नाही म्हणवेना.

रोज जेवणानंतर सराव चाले. हिल्डा विरुद्ध पक्षाची वकील होई.

“मिस्टर हार्टली, त्या दुपारी तुम्ही कुठे होता?”

“घरी. झोपलो होतो.”

चहा झाला की ती पुन्हा विचारी, “मिस्टर हार्टली, त्या दुपारी तुम्ही कुठे होता?” भांडी विसळताना पुन्हा. सिरिल दर वेळी तितक्याच शांतपणे उत्तर देई. कोर्टात साक्षीदाराला असंच घोळवतात, असं तो शेजाऱ्यांना सांगे.

चालवणाऱ्यावर मात्र हिल्डाचा भारी राग होता.

“तुझा तो दोस्त नॉर्मनच असणार. चार रोपटी घ्यायला अख्खी दुपार? इतकं बावळट कोण असतं?”

“असतं कुणी.”

“आणि निस्तरायचं तू! किल्ल्या काय, चॉकलेटं वाटल्यासारख्या वाटतोस.”

“आता नाही वाटत. आता खिशातच असतात.”

“आत्ता सुचलं शहाणपण!”

सुनावणी ब्रॅडफर्डला होती. लहानशी खोली, एक लांब टेबल, न्यायाधीश बाई, आणि कंपनीचा तरुण वकील. किरकोळ दाव्यात ओळखीच्या माणसालाही बाजू मांडता येते, म्हणून हिल्डा सिरिलच्या शेजारी बसली होती.

ती बोलायला लागली आणि सिरिल बघतच राहिला. हातात कागद नाही, आवाजात कंप नाही. नोटीस कधी निघाली, कायदा काय म्हणतो, कंपनीचं कुठे चुकलं, सगळं तिने फळ्यावर गणित मांडावं तसं मांडलं. वर्गातली हिल्डा त्याने कधी पाहिली नव्हती. आज पाहिली.

वकील सिरिलकडे वळला. “त्या दिवशी गाडी तुम्ही चालवत होता?”

“नाही.”

“मग कोण चालवत होतं?”

न्यायाधीश बाई म्हणाल्या, “नाव सांगायची सक्ती मी करणार नाही, मिस्टर हार्टली. पण सांगितलंत तर खरंच सांगा.”

“मला नाव घ्यायचं नाही, बाईसाहेब. हरलो तरी चालेल.”

“म्हणजे यांना ठाऊक आहे!” वकील म्हणाला.

“ठाऊक असणं म्हणजे चालवणं नव्हे, बाळा,” हिल्डा म्हणाली.

“मिसेस क्रॅबट्री, वकिलांना बाळा म्हणू नका,” बाईंनी हिल्डाला टोकलं.

“माफ करा. सवय आहे.”

बाईंनी हसू दाबलं, टिपणं चाळली आणि निकाल दिला. पहिली नोटीस उशिरा आली होती, त्यामुळे मालक जबाबदार नव्हता. तो चालवत होता याचा पुरावा नव्हता. दावा फेटाळला. बाहेर जाताना त्या तरुण वकिलाने हिल्डासाठी दार धरून ठेवलं.

कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात हिल्डाने लोणी लावलेला टीकेक, मनुकांचा गोड पाव, मागवला आणि तो निम्मा सिरिलच्या बशीत टाकला. तिचे गाल लाल झाले होते. शाळेतल्या पोरीसारखी दिसत होती.

“जिंकलो रे!”

“तू जिंकलीस.”

“आता तरी सांग. कुणासाठी एवढं तोंड शिवून बसलास? नॉर्मन ना?”

“शपथ घेतलीय तुझी.”

“मेला भित्रा कुठला! त्याने निदान येऊन आभार तरी मानायला हवे होते.”

“मानले असते,” सिरिल म्हणाला आणि तिच्या कपात चहा ओतला.

गाडी अख्खी दुपार उभी राहिली, त्या संध्याकाळी गार्डन सेंटरमध्ये काम करणाऱ्या मुलीचा फोन आला, तेव्हा तो बस पकडून तातडीने तिथे गेला होता. सगळ्या गाड्या निघून गेल्या होत्या. त्याची एकटीच उरली होती. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, आत हिल्डा बसली होती. काच खाली करून तिने विचारलं होतं, “सिरिल, घरी जायचं तर कुठल्या बाजूला वळायचं रे?”