न फुटलेला तानपुरा

"सांगतो ते कुणाला पटायचं नाही, पण आज मी खरं बोलणार आहे," गजाभाऊ तबलजी म्हणाले आणि द्वारकाताई हसल्या. चाळीस वर्षं त्यांच्या गाण्याला साथ करताना गजाभाऊंनी मारलेल्या थापा त्यांना पाठ होत्या.

गुरुपौर्णिमा होती, तरी ताईंच्या गुरूंच्या, अप्पाबुवांच्या फोटोला हार नव्हता. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता.

"ताई, तुमच्यावर सिनेमा काढणारी पोरं माझ्याकडं आली होती. कौतुकानं ऐकत होती, म्हणून मी रंगवून सांगितलं, की बुवांनी तुमचा तानपुरा फोडला आणि तुम्हांला कोंडून घातलं. त्यांनी तेवढंच घेतलं आणि मला अख्ख्या सिनेमातून वगळलं! अहो, बुवांनी कधी आवाज चढवला नाही. मिरजेहून तो तानपुरा मांडीवर घेऊन आले होते तुमच्यासाठी, मी शेजारीच बसलो होतो गाडीत."

हल्लीचा सिनेमा कानामागे चकती लावून पाहायचा असे आणि तो थेट पाहणाऱ्याच्या आठवणींत जाऊन बसे. द्वारकाताईंनी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता.

"तो बघा कोपऱ्यात. फुटलाय का कुठं?"

ताई उठल्या. तानपुऱ्याच्या गुळगुळीत भोपळ्यावरून त्यांनी बोटानं एक लांब रेघ ओढली. "ही चीर दिसत नाही तुला?"

"तिथं काहीच नाही हो, ताई."

"पुरे, गजा! तुझ्या सगळ्या थापा हसून ऐकल्या, ही नाही ऐकायची. मी तिथं होते. तू नव्हतास."