बिनआवाजाचं कॅबिनेट

रोसित्साने पत्र्यावर टिचकी मारली, कान टेकवला आणि डोळे मिटले.

"ताई, कलिंगड निवडताय की कॉम्प्युटरचं कॅबिनेट?" दुकानदार वेलिनने विचारलं.

"कलिंगड परवडलं. ते घरी आणल्यावर घुमत बसत नाही."

वेलिन हसला. त्याने काचेचं, रंगीत दिव्यांचं एक कॅबिनेट पुढे सरकवलं. आत नुसती जत्रा भरली होती. रोसित्साने मान हलवली. तिला जत्रा नको होती, शांतता हवी होती.

"मग हे घ्या," वेलिन म्हणाला. "नुसती बंद पेटी घेतली तर यंत्र तापतं, आणि तापलं की पंखा बोंबलतो. याच्या बाजू जाड आहेत, आतून स्पंज लावलाय. पंखे मोठे, म्हणून सावकाश फिरतात. आणि ही खालची जाळी अशी ओढायची, नळाखाली धरायची, वाळवायची, परत सरकवायची. संपलं. आपल्या गावात मे महिन्यात दुसरं काही चालत नाही."

ते खरं होतं. बाहेर पॉपलरच्या झाडांचा कापूस उडत होता. डॅन्यूब नदीच्या काठावरून तो उठतो आणि सगळ्या रूसे गावावरून तरंगत जातो. तेवढे दिवस गाव झोपेत चालल्यासारखं दिसतं. माणसं हळू चालतात, कुत्री शिंकतात, आणि खिडकी कितीही लावून घ्या, कापूस आत येतोच. रोसित्साच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात त्याची गादीच झाली होती.

अंधांच्या वाचनालयासाठी ती घरी बसून पुस्तकं वाचायची आणि ध्वनिमुद्रण करून पाठवायची. घटस्फोटानंतर घरात तिचा स्वतःचा आवाज तेवढा उरला होता, आणि तो कुणाच्या तरी कानी पडतोय एवढ्यावर तिचे दिवस जात होते. जुना पंखा घरघरायचा. त्याच्या वर आवाज चढवून ती वाचायची. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा, पण तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार खालच्या मजल्यावरून यायची.

रूसेत शेजाऱ्याशी भांडायला कुणी जिना चढत नाही. खोल्या गरम करणारा पाइप सगळ्या मजल्यांमधून जातो, त्यावर चमच्याने ठोकतात. ठकठक म्हणजे गप्प बसा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खाली मागच्या शरदात गेन्चो नावाचे एक म्हातारे बायकोला घेऊन राहायला आले होते. बायको कधी दिसली नाही. ते मात्र जिन्यात भेटले की टोपीला हात लावून निघून जायचे. तोंडावर टोपी आणि मागे पाइप, असं रोसित्सा मनात म्हणायची.

गंमत अशी, की ती वाचत असताना कधीच ठकठक होत नसे. ती थांबली, खोलीत नुसता पंखा घुमू लागला, की लगेच ठकठक. दोष पंख्याचाच, हे तिने ताडलं होतं. तरीही प्रत्येक ठोका तिच्या काळजात जायचा. आता एकदा जरी पाइप वाजला तरी वाचन सोडून द्यायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. वेलिनचं कॅबिनेट हा शेवटचा उपाय होता.

वेलिन स्वतः घरी आला आणि सगळं नव्या पेटीत बसवून गेला. रोसित्साने बटण दाबलं. काहीच झालं नाही असं तिला वाटलं, पण पडदा उजळला होता. पत्र्याला हात लावला तर तो गार. खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत झाली. ती वाचू लागली, आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. गोष्टीतली नावाड्याची मुलगी गोठलेली नदी ओलांडत होती. रोसित्सा ते कुणाच्या उशाशी बसून सांगावं तसं वाचत गेली. प्रकरण संपल्यावर तिने श्वास रोखला.

पाइप गप्प होता.

दुसऱ्या दिवशीही गप्प. रोसित्सा इतकी खूश झाली की तिने कॅबिनेटचीच पाठ थोपटली. किती वर्षांनी तिचा घसा दुखत नव्हता.

रविवारी दुपारी दार वाजलं. गेन्चो उभे होते. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात नव्या चेरींचं वाडगं. रिकाम्या हाताने कसं यायचं, असं काहीतरी ते पुटपुटले.

"काका, आता कसला त्रास होतोय तुम्हाला?" रोसित्साचा संयम सुटला. "तुमच्यासाठी नवं कॅबिनेट आणलं. या, कान लावून बघा. चालू आहे हेसुद्धा कळत नाही!"

"त्रास? पोरी, पाइप मी ठोकत नाही. आमची मिन्का ठोकते." ते दारातच थांबले. "अंथरुणाला खिळलीय. वाचा गेली, एक हात गेला. तिची खाट पाइपाला लागून आहे. तू थांबलीस की चमचा उचलते. पुढे वाच, म्हणते."

रोसित्साने चौकट धरली. तिला लाज वाटली, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की तिने तोंड फिरवून डोळे पुसले. तिची ही अवस्था पाहून गेन्चोंना वाटलं, आपण तिचं मन दुखावलं.

"तुझं नवं यंत्र चांगलंच असणार गं," ते घाईघाईने म्हणाले, आणि त्यांनी वाडगं तिच्यापुढे धरलं. "पण जुनं घरघरायचं, म्हणून तू मोठ्याने वाचायचीस. आता खाली काहीच ऐकू येत नाही. मिन्का दोन दिवस जेवली नाही. तेवढं जुनं परत लावशील का?"