निरोगी वेल

वर्षाराणी धार काढून ओसरीत आली तेव्हा सासऱ्यांचा ग्लास रिकामा झाला होता, आणि मिक्सरमधला उरलेला हिरवा रस ते दुसऱ्या ग्लासात सासूसाठी ओतत होते.

मल्लिनाथअप्पांना साखरेचा त्रास होता. निलंग्यात कुणीतरी सांगितल्यापासून ते रोज सकाळी दुधी भोपळ्याचा रस पीत. बाजारातून आणलेला भोपळा वर्षाराणीच चिरून द्यायची. आज मात्र त्यांनी स्वतःच चिरला होता. विळीपाशी एक तुकडा उरला होता. फिकट हिरवा, गुळगुळीत, त्यावर एकही डाग नव्हता.

"विहिरीकडचा तोडलात का, मामा?"

"हाव. पहिलाच. समद्या वावरात तेवढाच एक वेल निरोगी हाय. फवारा न्हाई, औषध न्हाई. ह्याच्यापेक्षा शुद्ध काय असतंय?"

ते खोटं नव्हतं. यंदा काकडीची पानं माव्यानं वळली होती, टोमॅटो नागअळीनं पांढऱ्या रेघांनी भरला होता, लावलेले भोपळे फळमाशीनं आतून सडले होते. विहिरीच्या कडेला आपोआप उगवलेला हा वेल तेवढा माजल्यासारखा पसरत होता. त्याचंच बी धरायचं, असं तिचा नवरा दयानंद म्हणायचा. वर्षाराणीला मात्र तिकडं पाण्याला गेलं की कसंतरी व्हायचं. एवढा दाट पाला, पण त्यात काहीच हलत नसायचं. मुंगीसुद्धा चढत नव्हती. एकदा दावं तोडून आलेल्या वासरानं पान हुंगलं, आणि तोंड न फिरवता ते मागं मागं सरकत गेलं होतं.

तिनं विळीजवळचा तुकडा उचलून जिभेला लावला. जीभ आखडली. ती अंगणात जाऊन थुंकली, चूळ भरली, तरी कडवटपणा घशात उतरतच राहिला.

ती तशीच आत धावली. सासूच्या ओठांशी गेलेला ग्लास तिनं काढून घेतला.

"आत्याबाई, पिऊ नका."

"का गं?" केवळाबाई गोंधळल्या.

"लई कडू हाय. मामा, तुम्हाला कळलं न्हाई?"

"कळलं की. कारलं कडू नसतंय का? कडू हाय म्हणून तर गुण येतो." अप्पांचा आवाज चढला. "आण इकडं तो ग्लास. मीच पितो."

लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. तिनं ग्लास अंगणात रिता केला. अप्पा उठून उभे राहिले. बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना उलटी झाली. दुसऱ्या उलटीत रक्त होतं.

दयानंदनं शेजारच्या बजरंगची जीप आणली. निलंग्याच्या डॉक्टरांनी नाडी बघतच विचारलं, "भोपळा कडू होता?" वर्षाराणी हो म्हणाली. "ह्यांच्याशिवाय आणखी कोण प्यालंय?" कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला, सलाईन लावलं आणि त्याच जीपनं अप्पांना लातूरला धाडलं. दयानंद सोबत गेला. सासू-सून घरी परतल्या. पुढचे काही दिवस दोघी फोनजवळून हलल्या नाहीत, आणि वेलाकडं कुणी फिरकलं नाही.

एका दुपारी दयानंदचा फोन आला. "सोडलं दवाखान्यातून. निघालोत आम्ही."

अप्पा यायच्या आत वेल नाहीसा करायचा म्हणून वर्षाराणी विळा घेऊन विहिरीकडं गेली. ऊन उतरलं होतं. भोपळ्याची पांढरी फुलं उमलायला लागली होती. आणि वेल तांबडा दिसत होता.

ती जवळ गेली. पानापानांवर तांबडे भुंगेरे बसले होते. कुठून आले, कधी आले, कोण जाणे. प्रत्येकजण आधी दातानं पानावर गोल कापायचा, कंपासनं काढल्यासारखा, आणि मग त्या गोलाच्या आत बसून सावकाश खायचा. घाई कुणालाच नव्हती. एक साळुंकी खाली उतरली, तिनं एक भुंगेरा टिपला, लगेच टाकला आणि दगडावर चोच घासत राहिली.

वर्षाराणीनं वेल बुडातून कापला. भुंगेरे सगळे एकदम उठले. ते उडून गेले नाहीत. तिच्या डोक्यावर थोडा वेळ तरंगत राहिले, जणू काय करावं ते ठरत नव्हतं. तेवढ्यात घराकडून जीपचा आवाज आला.

अप्पा निम्मे झाले होते. दयानंदनं त्यांना धरून अंगणातल्या बाजेवर बसवलं. केवळाबाईंनी पाणी दिलं. एक घोट घेऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"पाणीबी कडू लागतंय," ते म्हणाले. मग त्यांनी बायकोकडं बघितलं. "तुलाबी पाजला असता गं मी."

"बोलू नका आता," केवळाबाई म्हणाल्या.

त्यांच्या बाहीवर एक तांबडा भुंगेरा येऊन बसला. दयानंदनं टिचकीनं उडवला. दुसरा मानेवर बसला. तिसरा हनुवटीवर उतरला आणि ओठांकडं चालू लागला. दयानंदच्या अंगावर एकही नव्हता. केवळाबाईंच्याही नव्हता. ज्या अंगात तो कडू रस गेला होता, तेच त्यांना हवं होतं. वर्षाराणीनं विहिरीकडं वळून बघितलं. कमी होत चाललेल्या उजेडात हवा ठिपक्याठिपक्यांची झाली होती, आणि ते ठिपके वाऱ्याच्या उलट, सरळ अंगणाकडं येत होते.

"मामा, आत चला," ती म्हणाली.

अप्पांना उठवत नव्हतं. केवळाबाई पुढं सरसावल्या. त्यांनी पदर ओढला आणि नवऱ्याच्या तोंडावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.