सीटखालची पेटी

ट्रकच्या सीटखाली नंबरच्या कुलपाची एक लहान लोखंडी पेटी आहे. ती ज्या तारेने सीटच्या पायाला बांधली आहे, ती तार एका जागी झिजून चकचकीत झाली आहे, कारण माझा नवरा वर्लिन दर वेळी ती ओढून बघतो. शाळा, दवाखाना, पोस्ट ऑफिस, जिथे पिस्तूल न्यायला बंदी आहे अशा कुठेही आत जायचं असलं की तो कमरेचं पिस्तूल त्या पेटीत ठेवतो आणि मगच खाली उतरतो.

आज नातीच्या शाळेत गाणी होती. पहिल्या गाण्याला टाळ्या वाजवताना त्याचा कोट वर सरकला. पिस्तूल कमरेलाच होतं.

मी त्याचा दंड धरला. "चल, मला बरं वाटत नाहीये."

ट्रकमध्ये बसल्यावर मी बोटाने दाखवलं. तो कमरेकडे बघत राहिला.

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

त्याने वाकून पेटी उघडली. आत त्याचा चष्मा होता, नीट घडी घालून ठेवलेला.

"तरीच म्हटलं, आपली पोर कुठली ते कळेना."

मला हसू आलं नाही. हिवाळाभर मी त्याच्या विसरण्याचा विषय काढत होते आणि तो रेडिओ मोठा करत होता.

त्याने पिस्तुलातल्या गोळ्या काढल्या, ते पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

"अर्लीन, कुलपाचा नंबर बदल," तो म्हणाला. "आणि मला सांगू नकोस."