फुकटचा छर्रा

सारंगखेड्याच्या यात्रेत नेमबाजीच्या खेळवाल्यानं काळ्या पडद्यावर चांदण्या काढून पत्र्याची रॉकेटं टांगली होती. पहिला छर्रा सगळ्यांना फुकट होता. जसोदाबाईच्या नवऱ्याचा छर्रा रॉकेटच्या उजवीकडून गेला. “नांगरच धरा, पाटील!” खेळवाला हसला. जसोदाबाई मघापासून बघत होती. प्रत्येकाचाच छर्रा उजवीकडे जात होता. तिचं डोकं भडकलं. “माले दे बंदूक.” “बायांना नाही.” “फुकट समदासले शे ना? मंग मी कोन शे?” लोकांनी गलका केला, तेव्हा त्यानं बंदूक दिली. तिनं मुद्दाम वीतभर डावीकडे रोखली. “बाई, रॉकेट इकडे आहे!” तो खिदळला. तिनं चाप ओढला. रॉकेट पडलं. बक्षिसाचा आरसा न घेताच, पुढच्या माणसाला बंदूक देत ती ओरडली, “नळी वाकडी शे, भाऊ! डावा हातले वीतभर धर.” दिवस मावळेपर्यंत एकही रॉकेट उरलं नाही.