अख्खी लाट

जुनी विद्यार्थिनी यामिनी हिच्या पत्राला गणिताच्या फणसळकर सरांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ‘सर, आम्ही बनवलेली बिनतांडेलाची, आपोआप चालणारी होडी धक्क्याजवळ अडते. पुढे जावं की थांबावं, हा निर्णय ती क्षणाक्षणाला बदलते. एकदा घेतलेल्या निर्णयावर तिने किती वेळ टिकावं?’ आपलं गणित चुकलं तर माणसं बुडतील, या धास्तीने सरांनी चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली.

आज ते त्याच होडीत बसले होते आणि होडी धक्क्यापासून चार हातांवर पुढे-मागे करत होती. या अडण्यापायीच महिनाअखेर ती बंद होणार होती. यामिनीची सहा वर्षं पाण्यात जाणार होती.

“मुलगी बघायला आलेल्या पोरासारखं करते मेली,” शेजारची मासळीवाली हिराबाय म्हणाली. “लाट आली की धक्का जवळ वाटतो, गेली की लांब. आम्ही अख्खी लाट जाऊ देतो, मग पाय उचलतो. हिला कोणी शिकवलं नाय?”

सर पाण्याकडे वाकले. त्यांनी घड्याळ लावून लाटा मोजल्या. प्रत्येक लाट सहा सेकंदांची. दोन वर्षं जो आकडा कागदावर सापडला नव्हता, तो होडीखालून जात होता.

त्यांनी फोनवर लिहिलं, ‘यामिनी, एका निर्णयावर सात सेकंद: सहाची लाट, वर एक जादा. अख्खी लाट जाऊ दे. उशिराबद्दल माफ कर.’ मग पाठवण्याआधी त्यांचं बोट थबकलं.

“पुन्हा एकदा तपासावं का?” ते पुटपुटले.

“मास्तर, तुमचीपण होडीच झाली की,” हिराबाय म्हणाली.

सर हसले. त्यांनी एक अख्खी लाट जाऊ दिली आणि उत्तर पाठवून दिलं.